नाश्ता त्यांचा, नारळ आमचा

तैपेईतलं एक सोयादुधाचं दुकान. तारीख 7 फेब्रुवारी 1974. सकाळी सकाळी सात जण येऊन बसले. त्यात आर्थिक व्यवहारमंत्री होते, वाहतूकमंत्री होते, मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव होते, दूरसंचार खात्याचे साहेब होते, दोन संशोधन संस्थांचे प्रमुख होते. सातवा होता पान वेन-युआन, अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत नोकरीला असलेला इंजिनिअर. प्रश्न एकच: स्वस्तातले कपडे, छत्र्या आणि प्लॅस्टिकच्या बाहुल्या विकून तैवान किती दिवस पोट भरणार? पान म्हणाला, इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे चिप, बनवा. वेळ किती लागेल? चार वर्षं. पैसे? एक कोटी डॉलर. आर्थिक व्यवहारमंत्री सुन युन-सुआन यांनी होकार दिला. नाश्ता आटोपला, मंडळी कामाला लागली.

दीपप्रज्वलन राहिलंच. स्वागतगीत नाही, शाल नाही, श्रीफळ नाही. व्यासपीठावर खुर्च्या किती आणि पहिल्या रांगेत कोण, यावरून रुसवेफुगवे नाहीत. एवढ्या मोठ्या निर्णयाचं एक होर्डिंगही लागलं नाही, ज्यावर खाली डावीकडे 'शुभेच्छुक' म्हणून वॉर्डातल्या तीस इच्छुकांचे पासपोर्ट साइज फोटो असावेत. अशाने देश पुढे जातो होय?

आपली रीत वेगळी. 2025 च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या दावोसला महाराष्ट्राने 15 लाख कोटी रुपयांहून जास्त रकमेचे सामंजस्य करार केले. त्यातल्या बऱ्याच कंपन्या आपल्याच, काहींची कचेरी मंत्रालयापासून टॅक्सीने अर्ध्या तासावर. पण मुंबईच्या कंपनीने मुंबईच्या सरकारशी मुंबईत करार केला तर त्याला बातमीमूल्य काय? मागे बर्फ पाहिजे, अंगात ओव्हरकोट पाहिजे.

तर त्या सात जणांच्या देशाचं पुढे काय झालं? तैवान म्हणजे पुणे आणि नगर जिल्हे एकत्र करून वर थोडी जागा, एवढंच बेट. माणसं 2 कोटी 30 लाखांच्या आसपास. जगातल्या सर्वांत प्रगत चिपपैकी सुमारे 90 टक्के तिथे बनतात. माणशी उत्पन्न वर्षाला 30 हजार डॉलरच्या पुढे. आपलं अडीच-पावणेतीन हजार. फिलिपाइन्सचं चार हजारांच्या आसपास. नायजेरियाचं दोन हजारांच्याही खाली. हे चार देश मी उगाच एका ओळीत बसवलेले नाहीत. यातल्या दोन देशांत सुन युन-सुआन यांनी स्वतः वीज खातं चालवलं होतं.

सुन हे काही लोकनेते नव्हते. ते वीज खात्यातले इंजिनिअर. 1945 साली जपान हरला, तैवान सोडून जपानी निघाले आणि जाता जाता त्यांचे इंजिनिअर म्हणे बोलून गेले, की तीन महिन्यांत हे बेट अंधारात बुडेल. बॉम्बफेकीने वीजकेंद्रं खिळखिळी झालेली, सुटे भाग मिळत नव्हते, जाणती माणसं बोटीत बसून गेलेली. सुन यांनी तंत्रशाळांतली पोरं गोळा केली. आपल्या हिशेबात आयटीआय आणि डिप्लोमाची पोरं. त्यांच्या जिवावर पाच महिन्यांत बेटावरची सुमारे 80 टक्के वीज परत आली. पोरांना 'अनुभव नाही' म्हणून परत पाठवण्याइतके साहेब अनुभवी नव्हते, हे तैवानचं नशीब.

पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. 1964 साली जागतिक बँकेच्या पुढाकाराने हाच माणूस नायजेरियाच्या वीज महामंडळाचा प्रमुख होऊन गेला. 1967 पर्यंत तिथे राहिला. म्हणजे प्रयोगशाळेत करावा तसा प्रयोगच झाला बघा. माणूस तोच, विद्या तीच, ट्रान्सफॉर्मरही तसलेच. काम चांगलं चाललं, वीजनिर्मिती वाढली. पण 1966 च्या जानेवारीत लष्कराने बंड केलं, जुलैत दुसरं बंड झालं आणि 1967 साली देशात यादवी पेटली. सुन मायदेशी परतले आणि मंत्री झाले. नायजेरियाच्या वाट्याला एकामागून एक जनरल आले.

या जनरलांनी विजेसाठी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी 1972 साली वीज महामंडळाचं नाव बदलून 'नेपा' केलं. लोकांनी त्याचा विस्तार केला: नेव्हर एक्स्पेक्ट पॉवर ऑलवेज. 2005 साली, जनरलांची राजवट संपल्यावर, पुन्हा नाव बदलून 'पीएचसीएन' झालं. लोकांनी लगेच वाचलं: प्लीज होल्ड कँडल नियरबाय. मेणबत्ती जवळ ठेवा. (नामांतराने विकास साधण्याचा शोध आपणच लावला, असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी नम्रपणे नोंद घ्यावी.) आजही लागोसच्या गल्लीत वीज आली की पोरं ओरडतात, 'अप नेपा!' आपल्याकडे भारनियमनाच्या दिवसांत चाळीचाळीतून 'आऽऽली!' असा जो गजर उठायचा, त्याचीच ही आफ्रिकन आवृत्ती. वीस कोटींहून जास्त माणसांच्या त्या देशाचं ग्रिड साधारण 4,000 ते 5,000 मेगावॅट वीज पुरवतं. एकट्या आपल्या महावितरणची उन्हाळ्यातली मागणी 25,000 मेगावॅटच्या पुढे जाते. 2024 या एका वर्षात ते ग्रिड दहाहून जास्त वेळा कोसळलं.

आणि वीज कशापासून करायची ही त्यांची अडचण नाहीच. नायजर नदीच्या मुखाशी तेलविहिरींतून तेलाबरोबर जो गॅस वर येतो, तो गेली कित्येक दशकं तिथल्या तिथे पेटवून दिला जातो. रात्री आभाळ नारिंगी, खाली गावात डिझेलचा जनरेटर किंवा कंदील. जमिनीच्या पोटातून तेल खेचायचं अव्वल दर्जाचं तंत्रज्ञान तिथे आहे. तोच गॅस चार मैलांवरच्या झोपडीत दिवा लावायला वळवायचं राहून गेलं. तेल जहाजात भरलं की डॉलर येतात, झोपडीतून किती येणार? ते डॉलर पुढे कुठे गेले याची थोडीफार माहिती स्विस बँकांना आहे. जनरल सानी अबाचा 1998 साली वारले आणि त्यांनी बाहेर दडवलेले कोट्यवधी डॉलर स्वित्झर्लंड पुढची वीस वर्षं हप्त्याहप्त्याने परत करत राहिलं. स्वित्झर्लंडला जाण्याची आपली कारणं निराळी आहेत, एवढं समाधान आपण मानू या.

इथवर आल्यावर पानटपरीवरचे आमचे स्नेही चुना मळता मळता म्हणतील, 'म्हणून सांगतो, या देशाला एक कडक हुकूमशहा पाहिजे! बघा तैवान!'

बघू या. तैवानात तेव्हा लोकशाही नव्हती हे खरंच. 1949 ते 1987, तब्बल 38 वर्षं मार्शल लॉ होता. सरकारविरुद्ध तोंड उघडलं म्हणून माणसं तुरुंगात सडली, गोळ्या घालून मारली गेली. सुन ज्यांच्या मंत्रिमंडळात होते ते पंतप्रधान चियांग चिंग-क्वो एके काळी गुप्त पोलिसांचे सर्वेसर्वा होते. पण हुकूमशहा हाच मसाला असता तर फिलिपाइन्सच्या रश्श्याला केवढी तर्री यायला हवी होती! नायजेरियाच्या जनरलांचं तर नुकतंच झालं.

1960 च्या सुमारास फिलिपिनो माणसाची कमाई तैवानच्या माणसापेक्षा काकणभर सरसच होती. 1965 साली आशियाई विकास बँकेच्या मुख्यालयासाठी टोकियो सोडून मनिलाची निवड झाली, यावरून त्या शहराचा तेव्हाचा वट कळावा. 1972 साली फर्डिनंड मार्कोस यांनी मार्शल लॉ पुकारला. मार्कोससाहेबांना तंत्रज्ञानाचं वावडं मुळीच नव्हतं, हौस दांडगी होती. बताआन इथे अणुवीजकेंद्र उभारायचं ठरलं, कंत्राट अमेरिकेच्या वेस्टिंगहाऊसला. सुरुवातीला भाव होता दोन अणुभट्ट्यांचे मिळून 50 कोटी डॉलर. शेवटी एकाच भट्टीचे झाले 200 कोटींच्या वर. ही कुठली महागाई? तर मध्यस्थ होते साहेबांच्या खास मर्जीतले उद्योगपती. जागाही निवडली ती ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावर. 1976 साली काम सुरू झालं, 1984 साली बांधून झालं. 1986 साली मार्कोस देश सोडून पळाले, त्याच वर्षी चेर्नोबिलचा स्फोट झाला आणि नव्या सरकारने बताआनला कुलूप घातलं. त्या केंद्रातून आजवर एक युनिट वीज बाहेर पडलेली नाही. कर्ज मात्र फिलिपिनो जनता 2007 पर्यंत फेडत होती.

आता हिशेब मांडा. सोयादुधाच्या दुकानात ठरले एक कोटी डॉलर, बताआनला गेले त्याच्या दोनशे पट. दोघांचा काळ जवळपास एकच, दोघांचे विकणारे अमेरिकन. मार्कोसनी यंत्र विकत घेतलं आणि दलाली कापून घेतली. सुन यांनी काय विकत घेतलं ते जरा सावकाश बघण्यासारखं आहे.

1976 साली आरसीएशी करार झाला. आरसीए तेव्हा चिपच्या धंद्यातून अंग काढून घेण्याच्या बेतात होती. तिने जे दिलं ते सात मायक्रॉनचं, आधीच शिळं होत चाललेलं तंत्र. आपल्या एखाद्या विरोधी पक्षनेत्याने लगेच 'परदेशी भंगार देशाच्या माथी' म्हणून सभात्याग केला असता. पण करारातली खरी मेख वेगळी होती: पोरं शिकवायची. पहिल्या तुकडीत 19 इंजिनिअर गेले, बहुतेक तिशीच्या अलीकडचे. कोणी न्यू जर्सीत आराखडे काढायला शिकला, कोणी ओहायोत प्रत्यक्ष चिप घडवायला. नुसतं यंत्र चालवायचं नव्हतं. भट्टीचं तापमान का तेवढंच, आम्ल किती वेळ, चिप वाया जाते ती नेमकी कुठल्या पायरीवर, हे सगळं वहीत उतरवून आणायचं होतं. 1977 साली तैवानात शिन्चूला छोटासा नमुना कारखाना सुरू झाला. माल काय बनवायचा? इलेक्ट्रॉनिक घड्याळाची चिप. महासंगणक नाही, क्षेपणास्त्र नाही, मनगटावरचं घड्याळ. काही महिन्यांत शंभरातल्या सत्तरएक चिप चांगल्या निघू लागल्या. खुद्द आरसीएच्या कारखान्यात हे प्रमाण पन्नासच्या आसपास होतं.

त्या तुकडीतला त्साय मिंग-काय पुढे मीडियाटेकचा अध्यक्ष झाला. खिशातला दहा-बारा हजारांचा फोन काढा आणि सेटिंगमध्ये प्रोसेसरचं नाव बघा, मीडियाटेक निघण्याची शक्यता मोठी आहे. न्यू जर्सीतली ती शिकवणी अशी थेट तुमच्या मुठीपर्यंत आलेली असते आणि ईएमआय तुम्ही भरत असता.

या पोरांना टिकवायचं कसं, ही खरी डोकेदुखी. सुन यांनी 1973 साली औद्योगिक संशोधन संस्था काढली ती मुद्दाम सरकारी चौकटीबाहेर, म्हणजे जाणत्या माणसांना सरकारी कारकुनी वेतनश्रेणीत कोंबावं लागू नये. तिथल्या संसदेत यावरून रण माजलं. सरकारचा पैसा आणि पगार बाबूंपेक्षा जास्त? सुन खासदारांची मनं वळवत हिंडले. आता आपल्याकडचा एखादा मंत्री डोळ्यांसमोर आणा, जो वित्त विभागाच्या उपसचिवासमोर बसून सांगतो आहे की या पंचवीस वर्षांच्या पोराला तुमच्यापेक्षा जास्त पगार द्या. फाइल कुठल्या कपाटात जाईल, त्या कपाटाचा नंबरसुद्धा आपल्याला ठाऊक आहे.

आणि तो सातवा, पान वेन-युआन? कराराच्या दोन्ही बाजूंना आपण असू नये म्हणून त्याने आरसीएतली नोकरी मुदतीआधी सोडली आणि तैवानला सल्ला दिला तो मोबदला न घेता. आपल्या सल्लागार कंपन्यांनी हा परिच्छेद वगळून वाचला तरी चालेल.

आरती ओवाळणाऱ्यांनी मात्र तबक थोडं खाली ठेवावं. त्याच आरसीएचा टीव्हीचे भाग बनवणारा कारखाना तैवानात ताओयुआनला होता, 1970 ते 1992. ग्रीस साफ करायचं रसायन जमिनीत मुरून भूजलात जात राहिलं आणि ते पाणी पिणाऱ्या कामगारांमध्ये, त्यांत बहुसंख्य बायका, पुढे कर्करोग पसरला. 1998 साली ती जमीन कायमची दूषित म्हणून जाहीर झाली. कामगारांना न्यायालयात पहिला विजय मिळायला 2015 उजाडलं. म्हणजे एकाच कंपनीने एका देशाच्या इंजिनिअरांना विद्या दिली आणि कामगारांना विष. विद्या घ्यायला मंत्री गेले होते, विष मोजायला कोणी गेलं नव्हतं.

ज्या 1974 साली तो नाश्ता झाला, त्याच साली इंटेल कंपनीने मनिलाजवळ मकातीला चिप जोडणीचा कारखाना काढला. त्याआधी 1972 साली मलेशियात पेनांगला काढला होता. म्हणजे 'मोठी परदेशी कंपनी आणली' ही जी आपल्या पुढाऱ्यांची परमावधी, ती फिलिपाइन्स आणि मलेशियानेही तेव्हाच गाठली होती. नोकऱ्या आल्या, हजारो मुलींच्या हाती पगार आला, हे काही लहानसहान नाही. पेनांग त्यावर बऱ्यापैकी सुधारलं. पण चिप डोक्यातून उतरायची ती कॅलिफोर्नियात, इथे यायची ती पाय जोडायला. इंटेलने 2009 साली फिलिपाइन्समधला कारखाना बंद केला आणि यंत्रांबरोबर सगळंच गेलं. मलेशियाने 2025 साली आर्म या ब्रिटिश कंपनीला दहा वर्षांत 25 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, चिपचा आराखडा कसा काढायचा ते शिकण्यासाठी. पहिल्या कारखान्यानंतर 53 वर्षांनी शिकवणी लावली. उशिरा का होईना, लावली. आपण अजून फी किती यावर घासाघीस करतोय.

आपण कुठे होतो? तिथेच होतो. 1976 साली, तैवानने आरसीएशी करार केला त्याच साली, केंद्र सरकारने चंदीगडजवळ मोहालीला सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स काढायचं ठरवलं. 1984 मध्ये उत्पादन सुरू झालं आणि आपण जगाच्या फार मागे नव्हतो. फेब्रुवारी 1989 मध्ये आग लागली, कारखाना खाक झाला. आग का लागली याचं समाधानकारक उत्तर बाहेर आलं नाही आणि पुन्हा उभारणी होईपर्यंत नव्वदचं दशक सरत आलं. या धंद्यात दोन वर्षांत पिढी बदलते. आगीला मी कोणा नेत्याला जबाबदार धरत नाही. राखेसमोर आठ वर्षं काढायला मात्र अनेक पक्षांचे अनेक नेते लागले. चौकशी, निविदा, फेरनिविदा, सरकार पडलं, नवं सरकार, पुन्हा चौकशी. इतकी सर्वपक्षीय एकजूट एरवी आमदारांच्या पगारवाढीलाच दिसते.

पुणेकर हात वर करतीलच: 'आणि परम?' हो, परम. अमेरिकेने हवा तो महासंगणक द्यायला नकार दिला, म्हणून 1988 साली पुण्यात सी-डॅक निघाली आणि विजय भटकर यांच्या चमूने 1991 साली परम 8000 उभा केला. कौतुक आहेच, एकदा नाही दहादा आहे. पण त्याच्या पोटातले प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. परवाच्या परम रुद्रच्या पोटात इंटेलचे आहेत. नाव आपलं, जुळणी आपली, पोट परक्याचं. 'आमची कुठेही शाखा नाही' ही पाटी लावताना आतल्या मालाचा पुरवठादार कोण, ते आपण लिहीत नाही.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की आता आपणही सात माणसं बोलवावीत, इडली मागवावी आणि व्हावं तैवान. थांबा. 1976 साली शिकवायला कोणी तयार होतं, कारण शिकवलं तर काय होईल याचा अंदाज नव्हता. आता आलाय. सर्वांत बारीक चिप छापणारी यंत्रं जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. एकेक यंत्र 15 कोटी युरोंच्या वर. चीन पैसे घेऊन दारात उभा आहे, अमेरिकेच्या दबावामुळे त्याला ते मिळत नाही. ऑक्टोबर 2022 पासून अमेरिकेने चीनला द्यायच्या चिप आणि यंत्रांवर कडक बंधनं घातली. आपल्याला हा अनुभव जुना आहे. रशियाने क्रायोजेनिक इंजिनाची विद्या भारताला देऊ नये म्हणून 1993 साली अमेरिकेने दम दिला आणि आपल्या बनावटीचं इंजिन घेऊन जीएसएलव्ही यशस्वीपणे उडायला 2014 चा जानेवारी उजाडला. मुक्त बाजाराची प्रवचनं देणाऱ्या बुवांच्या स्वतःच्या कोठीला कुलूप किती मोठं असतं, हे ज्याला धान्य हवं असतं त्यालाच दिसतं.

गंमत अशी की शिकवणारी आरसीए 1986 साली जनरल इलेक्ट्रिकने गिळली आणि तिचे तुकडे करून विकले. शिकलेल्यांनी 1987 साली टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी काढली, अध्यक्ष मॉरिस चांग, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये 25 वर्षं घालवून बाजूला पडलेला माणूस. त्या टीएसएमसीने अमेरिकेत कारखाने काढावेत म्हणून 2024 साली अमेरिकी सरकारने तिला 660 कोटी डॉलरचं अनुदान देऊ केलं. ॲरिझोनाच्या कारखान्यासाठी अमेरिकन इंजिनिअर काम शिकायला तैवानला गेले. पन्नास वर्षांपूर्वी न्यू जर्सीत त्या पोरांना चहा विचारणाऱ्या फोरमनला हे कोणी सांगितलं असतं तर त्याने त्यांना पुन्हा चहा विचारला नसता.

राहता राहिला आपला तळेगावचा विषय. 2022 च्या सप्टेंबरात वेदांत-फॉक्सकॉनचा दीड लाख कोटींचा चिप प्रकल्प तळेगावला येणार येणार म्हणता गुजरातेत गेला आणि महाराष्ट्राने छाती पिटली. कोणी पळवला, कोणाच्या काळात पळाला, कोणाच्या काळात पळायची तयारी झाली, यावर वाहिन्यांनी आठवडे काढले. चिप बनवायची विद्या त्या दोघांपैकी कोणाकडे होती, हा प्रश्न त्या गदारोळात मला तरी ऐकू आला नाही. एक कंपनी खाणीतली, दुसरी फोन जोडणारी. जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉन बाहेर पडली, प्रकल्प तळेगावलाही नाही आणि तिकडेही नाही. फॉक्सकॉनची आणि आपली ओळख तशी जुनी. 2015 साली तिने महाराष्ट्राशी 500 कोटी डॉलरचा करार केला होता. तो कागद अजून तितकाच कोरा करकरीत असणार.

गुजरातेतच धोलेऱ्याला मात्र 2024 च्या मार्चमध्ये टाटांच्या कारखान्याची कोनशिला बसली. 91 हजार कोटींचं काम, विद्या तैवानच्या पॉवरचिप कंपनीची आणि टाटांचे इंजिनिअर शिकायला तैवानला गेलेले आहेत. हे चांगलं आहे. खवचटपणा करायला माझी लेखणी शिवशिवते आहे, पण हे चांगलं आहे. आता एक तपशील. या प्रकल्पाचा निम्मा खर्च केंद्र सरकार उचलतं, गुजरात सरकार वर आणखी देतं. हे अनुदान आहे, त्याबदल्यात जनतेच्या नावावर भागभांडवल येत नाही. 1987 साली टीएसएमसीत तैवान सरकारने पैसा घातला तेव्हा 48 टक्के शेअर नावावर करून घेतले होते. बरेचसे पुढे विकले, तरी सहा टक्क्यांच्या आसपास अजून सरकारी निधीकडे आहेत आणि त्यावर लाभांश येतो. देशातले बडे उद्योगपती पैसे घालायला का कू करत होते, तेव्हा सरकारने त्यांना बोलावून दटावलं आणि घालायला लावले. आपल्याकडे कोण कोणाला बोलावतं आणि कोण कोणाला दटावतं, हा विषय संपादक छापणार नाहीत.

तर पुढच्या अधिवेशनात 'तळेगाव की धोलेरा' यावरून कामकाज बंद पाडायचा बेत असेल, तर त्याआधी एखाद्या सदस्याने चारच प्रश्न टाकावेत. तैवानला किती पोरं गेली, किती परत आली, काय काय स्वतः करू शकतात आणि त्यांना इथे पगार किती देणार आहात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जरा लवकर मिळालं तर बरं. टीएसएमसीचा नवा कारखाना जर्मनीत ड्रेस्डेनला उभा राहतो आहे आणि तिथल्या मंडळींकडे या पोरांचे बायोडेटा आपल्या वित्त विभागाच्या आधी पोहोचतील.